सुट्टीत पुण्यात ब्रेसेस बसवून न्यू जर्सीला परत जाता येईल का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची मुलगी १३ वर्षांची आहे. तिचे वरचे पटाशीचे दात पुढे आलेले आहेत आणि खालचे दात दाटीने वाकडे झाले आहेत. तिथल्या ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने, मेटल ब्रेसेससाठी ६,५०० डॉलर सांगितले, तर कोथरूडला आजी-आजोबांच्या घराजवळच्या दवाखान्यात त्याच कामाचे ५५,००० रुपये सांगितले. त्यामुळे घरात असा बेत ठरतो आहे की उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे पुण्यात येऊन ब्रेसेस बसवून घ्यायच्या, डिसेंबरमध्ये एकदा येऊन दाखवायचे, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायचे, आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचा सल्ला घेत राहायचे. काही अडलेच तर तिथला नेहमीचा दंतवैद्य तार बदलून देईल. हा बेत योग्य आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

या स्वरूपात योग्य नाही, आणि मी माझ्याकडे येणाऱ्या अशा पालकांना पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगतो, कारण मूल खुर्चीत बसून दातांवर ब्रॅकेट (तार धरून ठेवणारे धातूचे छोटे तुकडे) चिकटल्यावर हे सांगण्यात काही अर्थ उरत नाही. परदेशातून भारतात येऊन इम्प्लांट, कॅप, रूट कॅनाल करून घेणारे पुष्कळ लोक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे काम व्यवस्थित होते. अमेरिकेतून मेक्सिकोच्या सीमेवरील लॉस अल्गोदोनेस या छोट्या गावात किंवा पश्चिम युरोपातून हंगेरीत लोक दातांच्या कामासाठी जातात, तीही बहुतांशी अशीच कामे असतात. ती दोन-तीन बैठकांत पुरी होतात आणि रुग्ण घरी जातो. ब्रेसेसच्या बाबतीत मात्र ज्या दिवशी त्या बसवल्या जातात, त्या दिवशी उपचाराची फक्त सुरुवात होते. दीड ते दोन वर्षे, दात काढून ती जागा बाकीचे दात सरकवून भरायची असेल तर कधी अडीच वर्षेसुद्धा, दर चार ते आठ आठवड्यांनी एका जाणत्या माणसाने तोंडात पाहून निर्णय घेणे, हाच खरा उपचार आहे. तुम्ही जे पैसे देता ते धातूच्या तुकड्यांचे नसून या देखरेखीचे असतात.

दात हलतो कसा, हे थोडे समजून घेतले की भेटींचे महत्त्व आपोआप लक्षात येईल. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा एक थर असतो. तारेने दातावर हलका, सतत दाब आला की ज्या बाजूला हा थर दाबला जातो त्या बाजूचे हाड विशिष्ट पेशी हळूहळू विरघळवतात आणि मागच्या बाजूला दुसऱ्या पेशी नवे हाड घडवतात. जागा भरताना हा वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर असतो आणि जोर वाढवला म्हणून तो वाढत नाही. उलट अति जोराने दाताच्या मुळाचे टोक झिजण्याचा धोका वाढतो. सुरुवातीला आम्ही जी बारीक, गोल तार वापरतो ती निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. हा मिश्रधातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विकसित झाला आणि १९७०च्या दशकात जॉर्ज अँड्रियासेन यांनी तो दातांच्या उपचारात आणला. ही तार वाकड्या दातांमधून वाकवून ओवली तरी आपल्या मूळ कमानीच्या आकाराकडे परतत राहते आणि आठ-दहा आठवडे सौम्य जोर देऊ शकते. म्हणूनच काही दवाखान्यांत पालकांना सांगितले जाते की सुरुवातीचे काही महिने आला नाहीत तरी चालेल. तार काम करत राहते हे खरे आहे. पण ती योग्य दिशेने काम करते आहे की नाही, हे तारेला कळत नाही.

त्याचे एक उदाहरण देतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी याच गोष्टीची वाटते. ब्रॅकेट चिकटवण्यापूर्वी दाताचा पृष्ठभाग फॉस्फोरिक आम्लाच्या जेलने काही सेकंद खरखरीत केला जातो, तो धुऊन पूर्ण कोरडा केला जातो, मग कॉम्पोझिट (चिकटवण्याचा दंत-पदार्थ) लावून ब्रॅकेट बसवले जाते आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट केले जाते. त्या क्षणी लाळेचा एक थेंब आत गेला, किंवा पुढे मुलाने ऊस सोलून खाल्ला, की ब्रॅकेट सुटते. ते पडत नाही, तारेला रबराच्या कडीने अडकलेलेच राहते आणि बोटाने ढकलले तर मागे-पुढे सरकते. मुलाला दुखत नाही, त्यामुळे ते घरी सांगतही नाही. समजा खालच्या डाव्या सुळ्याचे ब्रॅकेट सुटले. आता त्या दातावर तारेचा ताबा उरलेला नाही, पण शेजारच्या दातांवर आहे. शेजारचे दात सरकून त्याची जागा खातात, सुळा बाहेर फेकला जातो किंवा गोल फिरतो. पुण्यात राहणारे मूल महिन्याभरात खुर्चीत येते, दहा मिनिटांत ब्रॅकेट पुन्हा चिकटवले जाते आणि फारसे नुकसान होत नाही. तेच मूल डिसेंबरमध्ये, पाच महिन्यांनी आले, तर पहिले दोन-तीन महिने झालेली चूक निस्तरण्यात जातात. तुमच्या बेताप्रमाणे तेवढ्यात परत जायची तारीख आलेली असेल.

हिरड्या आणि एनॅमल यांचेही असेच आहे. ब्रॅकेटच्या कडेने अन्नाचा थर साचला तर महिन्याभरातही दातावर खडूसारखे पांढरे डाग दिसू लागतात. तेरा-चौदाव्या वर्षी मुले किती मनापासून ब्रश करतात, हे प्रत्येक आईला ठाऊक असते. प्रत्येक भेटीत आम्ही तार बदलण्याआधी हे पाहतो, गरज पडल्यास फ्लोराइड लावतो, आणि मूल अजिबात दाद देत नसेल तर ब्रेसेस मध्येच काढून टाकण्याचाही निर्णय घेतो. व्हिडिओ कॉलवर ब्रॅकेट सुटलेले कधीकधी ओळखता येते, हिरडी सुजलेली दिसते; पण दात किती हलतो, तार खाचेत पूर्ण बसली आहे का, दाढा एकमेकींवर नेमक्या कुठे टेकतात, हे बोटाने आणि आरशानेच कळते. आणि दोष दिसला तरी तो दुरुस्त करायला तिथे हात कुणाचा असणार?

तुम्ही लिहिले आहे की नेहमीचा दंतवैद्य तार बदलेल. न्यू जर्सीतील एखादा सर्वसाधारण दंतवैद्य दुसऱ्याने सुरू केलेल्या ब्रेसेसना हात लावेल, अशी अपेक्षा धरू नये. टोचणारी तार कापून देणे एवढी मदत बहुतेक जण करतील, पण पुढचा उपचार म्हणजे पूर्ण जबाबदारी घेणे असते. तिथले ऑर्थोडॉन्टिस्टसुद्धा अर्ध्यावर आलेला रुग्ण घ्यायला कचरतात, आणि त्यात मला त्यांचे चूक वाटत नाही. मूळ योजना त्यांची नाही, सुरुवातीची स्थिती त्यांनी पाहिलेली नाही, मुळे आधीच आखूड होती की उपचारात झाली हे त्यांना सिद्ध करता येत नाही, आणि पुढे काही बिघडले तर कायद्याने उत्तर त्यांनाच द्यावे लागते. शिवाय ब्रॅकेट सगळीकडे एकसारखे नसतात. तार बसण्याची खाच ०.०२२ इंचांची असते किंवा ०.०१८ इंचांची, आणि प्रत्येक दाताच्या ब्रॅकेटमध्ये आधीच भरलेला कोन वेगवेगळ्या पद्धतींत वेगळा असतो. आपल्याकडचे ब्रॅकेट त्यांच्या तारांशी जुळत नसतील, तर ते सगळे काढून स्वतःचे बसवायचे आणि शुल्क जवळजवळ नव्या रुग्णाएवढे घ्यायचे, असे ते सांगतात. मग वाचवलेले पैसे तिथेच संपतात.

पैशांचा हिशेब मोकळेपणाने मांडणे आवश्यक आहे, कारण बहुतेक घरांत निर्णय त्यावरच होतो आणि त्यात कमीपणा काही नाही. ५५,००० रुपये आणि ६,५०० डॉलर हे दोन आकडे शेजारी ठेवले की फरक प्रचंड वाटतो. पण तिथल्या रकमेत साधारणपणे सर्व भेटी, ब्रेसेस काढणे आणि पहिले रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर राखणारे साधन) धरलेले असतात, आणि ती रक्कम हप्त्यांनी देता येते. तुमच्या दंतविम्यात ऑर्थोडॉन्टिक उपचाराचे कलम असेल तर आयुष्यभरासाठी ठरलेली एक रक्कम, बऱ्याचदा १,००० ते २,००० डॉलर, त्यातून वजा होते. उरलेली रक्कम नोकरीतून मिळणाऱ्या करमुक्त आरोग्य खात्यातून भरता येते का, हेही पाहावे. इकडे मात्र उन्हाळ्याची भेट तुम्ही एरवीही करणार होता असे धरले, तरी डिसेंबरची फेरी केवळ दातांसाठी वाढते, आणि मुलीबरोबर एक मोठे माणूस येणार म्हणजे दोन तिकिटे, तीही ऐन गर्दीच्या हंगामातली. अशा एक-दोन फेऱ्या झाल्या की फरक बराच आटतो.

त्याऐवजी मी तुम्हाला घराजवळचा एक मार्ग सुचवतो. नेवार्कमध्ये रटगर्स विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे आणि तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा पदव्युत्तर विभाग आहे. अशा विभागांत पदवीधर दंतवैद्य अनुभवी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि शुल्क खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी असते. भेटी लांबतात, मध्येच डॉक्टर बदलू शकतो, पण नोंदी एकाच ठिकाणी राहतात आणि जबाबदारी संस्थेची असते. शक्य असल्यास आणखी एका-दोघांचे मतही घ्यावे. एकाच गावात दोन दवाखान्यांच्या शुल्कात मोठा फरक असू शकतो.

इतर देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठीही येथेच एक गोष्ट नोंदवतो, कारण माहिती नसल्यामुळे भारताची वाट धरणारे पालक मी पाहिले आहेत. इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालील मुलांना, त्यांची उपचाराची गरज ठरावीक श्रेणीत बसत असेल तर सरकारी आरोग्य सेवेतून ब्रेसेस विनामूल्य मिळतात. प्रतीक्षा यादी मोठी असते, म्हणून नाव लवकर नोंदवावे. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विम्यात, १८ वर्षांआधी सुरू झालेल्या उपचारासाठी, दोष तीव्रतेच्या तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीत असला तर खर्च विमा उचलतो. पालकांनी आधी २० टक्के भरायचे असतात आणि उपचार पूर्ण झाल्यावर ते परत मिळतात. ही शेवटची अट लक्षात घेण्यासारखी आहे, कारण तिथे उपचार अर्धवट सोडून भारतात येणाऱ्याला ते पैसे मिळत नाहीत.

मग परदेशात राहणाऱ्याने भारतात ब्रेसेस कधीच बसवू नयेत, असे माझे म्हणणे आहे का? नाही. पुढील दोन वर्षे माणूस कुठे राहणार आहे, एवढाच माझा निकष आहे. नोकरीनिमित्त दोन-अडीच वर्षांसाठी पुण्यात परतलेल्या कुटुंबाने येथे निःशंक उपचार घ्यावा. दुबई किंवा मस्कतमध्ये राहणारी प्रौढ व्यक्ती, जी कामासाठी दर दीड-दोन महिन्यांनी मुंबईला येतेच आणि दात काढण्याची गरज नसलेली सौम्य दाटी सुधारून घेऊ इच्छिते, तिच्या बाबतीतही मी होकार देतो. मात्र पुढच्या भेटींच्या तारखा आधीच ठरवून घेतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे: वरचे दात मागे नेण्यासाठी कदाचित उपदाढा, म्हणजे सुळ्यामागच्या लहान दाढा, काढाव्या लागतील, आणि ती वाढीच्या वयात आहे, म्हणजे जबड्याच्या वाढीचा उपयोग करून घ्यायचा तर प्रत्येक महिना मोलाचा आहे.

याच्या उलट प्रसंग आमच्याकडे अधिक येतो, आणि तो टाळता येत नाही. येथे ब्रेसेस चालू असलेला विद्यार्थी एमएस करायला अचानक जर्मनीला किंवा अमेरिकेला निघतो. प्रवेशासाठी अर्ज करत असाल तर ते आपल्या ऑर्थोडॉन्टिस्टला पहिल्या दिवशी सांगा, प्रवेशाचे पत्र आल्यावर नव्हे. सहा महिन्यांत जाणाऱ्या माणसाच्या मी उपदाढा काढत नाही. जाण्यापूर्वी उपचार अशा टप्प्यावर आणून थांबवायचा असतो की कोणतीही सक्रिय शक्ती चालू राहणार नाही. सलग रबरी साखळी असेल तर ती काढावी. तिचा निम्मा जोर पहिल्या दिवसातच जातो हे खरे, पण उरलेला जोर कुणी पाहत नसताना दात भलतीकडे नेऊ शकतो. त्याऐवजी स्टीलची जाड चौकोनी तार घालून, जागा पुन्हा उघडू नये म्हणून दात बारीक स्टीलच्या तारेने एकत्र बांधून द्यावेत. वरच्या-खालच्या दातांत अडकवायची रबरेही बंद करावीत. आणि उपचार निम्म्याहून अधिक शिल्लक असेल व तिकडे कुणी घेणारा मिळाला नसेल, तर ब्रेसेस काढून रिटेनर देणे हाच सुरक्षित निर्णय असतो. पालकांना तो पैसे वाया गेल्यासारखा वाटतो, तरीही मी तो सुचवतो.

अशा रुग्णाने बरोबर काय न्यावे, याविषयी हलगर्जीपणा करू नये. उपचारापूर्वीचे आणि सध्याचे फोटो, दातांच्या साच्यांचे स्कॅन, संपूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे आणि बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, हे सारे मूळ डिजिटल फाइलच्या रूपात हवे. मोबाइलवर काढलेला एक्स-रेचा फोटो कुणाच्या उपयोगाचा नसतो. त्याबरोबर डॉक्टरांच्या सहीचे एक पत्र हवे, ज्यात निदान, ठरलेली योजना, काढलेले दात, ब्रॅकेटची पद्धत आणि खाचेचे माप, सध्याची तार, राहिलेले काम, त्यास लागणारा अंदाजे काळ आणि दिलेले व बाकी असलेले शुल्क इतके लिहिलेले असावे. हे पत्र देणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, मेहरबानी नव्हे. ते मागायला संकोच करू नका. आणि विमानात बसण्यापूर्वी तिकडच्या एका ऑर्थोडॉन्टिस्टचा ईमेलवर लेखी होकार मिळवा. हा होकार मिळत नाही तोवर बाकीच्या तयारीला अर्थ नाही.

भारतात उपचार घेण्याचे ठरलेच, तर डॉक्टर निवडताना दवाखान्याच्या चकचकीत फोटोंपेक्षा पदवी पाहा. बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचे एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलेली व्यक्तीच येथे ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणवते, आणि तिची नोंदणी महाराष्ट्रात राज्य दंत परिषदेकडे असते; नोंदणी क्रमांक विचारण्यात कुणी अपमान मानू नये. पुष्कळ दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा येतो. ते वाईट नाही, पण प्रवासी रुग्णाने त्याचा दिवस आपल्या सुट्टीत कितीदा येतो ते आधी विचारावे. "सहा महिन्यांत दात सरळ" असे आश्वासन देणाऱ्याकडे दात काढून जागा भरण्याचे काम देऊ नये.

घरगुती बाबी थोडक्यात सांगतो. ऑर्थोडॉन्टिक मेणाची डबी नेहमी जवळ असावी. तार टोचू लागली तर मेणाची छोटी गोळी कोरड्या करून घेतलेल्या टोकावर दाबून बसवावी. शेंगदाण्याची चिक्की, ऊस, कडक चकली, सुपारी आणि दाताने तोडून खाल्लेला कडक पेरू यांनी ब्रॅकेट सर्वांत जास्त सुटतात. पेरू चिरून खाल्ला तर चालतो. हळदीच्या भाजी-आमटीने ब्रॅकेटवरच्या पारदर्शक रबरी कड्या दोन दिवसांत पिवळ्या होतात, त्याने घाबरून जाऊ नये, त्या पुढच्या भेटीत बदलल्या जातात. निकेलची ॲलर्जी असेल, म्हणजे खोट्या दागिन्यांनी कान चिघळत असतील, तर ते आधीच सांगावे.

आता तुमच्या सहा आठवड्यांच्या सुट्टीकडे येतो, कारण ती दातांसाठी अगदीच निरुपयोगी नाही. मुलीच्या किडलेल्या दातांत फिलिंग करणे, दात स्वच्छ करून घेणे, ही कामे पुण्यात उत्तम आणि स्वस्तात होतात, आणि ब्रेसेसपूर्वी ती करावीच लागतात. न्यू जर्सीच्या ऑर्थोडॉन्टिस्टने योजना पक्की केली असेल आणि त्यात उपदाढा काढायच्या असतील, तर त्याही येथे काढता येतील, पण त्यांच्या लेखी चिठ्ठीशिवाय एकही दात काढू देऊ नका, आणि त्या चिठ्ठीत दातांची नावे शब्दांत लिहून घ्या. अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे सलग क्रमांक देतात. आपल्याकडे सहसा दोन अंकी आंतरराष्ट्रीय पद्धत वापरतात, ज्यात पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो आणि दुसरा दाताचा क्रम. त्यामुळे वरची उजवी पहिली उपदाढ तिकडे ५ असते आणि इकडे १४. उलट तिकडच्या चिठ्ठीतला १४ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ, आणि तिकडचा २४ म्हणजे खालचा मधला पटाशीचा दात. चिठ्ठीत "वरची उजवी पहिली उपदाढ, वरची डावी पहिली उपदाढ" असे पूर्ण लिहिलेले असावे, आणि इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांनी आरशात तुम्हाला तो दात दाखवावा. दात काढण्याचे काम परतीच्या किमान दहा दिवस आधी उरकावे, म्हणजे जखम भरू लागल्याचे पाहून निघता येईल, आणि न्यू जर्सीतील ब्रेसेस बसवण्याची वेळ त्यानंतर लगेचच्या आठवड्यांतली आधीच घेऊन ठेवावी.